देठयुक्त श, पाकळीयुक्त ल

ज्याचं अक्षर चांगलं, त्याचं नशीब वाईट. शाळेत रोज सकाळी फळ्यावर सुविचार त्यानंच लिहायचा आणि संध्याकाळी पुसायचाही त्यानंच. भावकीतल्या सगळ्या लग्नपत्रिकांवर नावं तोच घालतो, म्हणून ज्याला पत्रिका पोचली नाही तो त्याच्यावरच रुसतो. लग्नात आहेराची वही त्याच्याच पुढ्यात येते. पंगतीवर पंगती उठतात, बुंदी संपते, आणि हा आपला 'एकशे एक रुपये, तांब्या एक' लिहीत बसलेला. माझं अक्षर चांगलं आहे. टपोरं, वळणदार, मोत्यासारखं वगैरे. या मोत्यांचे आजवर मला कोणी चार आणे दिलेले नाहीत.

तरी हे सगळं शाईचं होतं तोवर ठीक होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये चुडाव्याहून अक्काचा फोन आला. अक्काचा फोन 'कसा आहेस'नं कधीच सुरू होत नाही.

"कवा येतूस?"

"लग्नाला अजून आठ दिवस आहेत की, अक्का."

"लग्नाला तर सगळेच येतेत. तुला अक्षराला यायचंय. स्टेजवर नावं लावायचीत. फुलाची. तुझं अक्षर चांगलं हाय."

मी म्हणालो, अक्का, अक्षर चांगलं असणं आणि फुलांची अक्षरं करणं यांचा संबंध पोहता येणं आणि विहीर खणणं यांच्याइतकाच आहे. ती म्हणाली, "बरं, मग शनिवारी ये."

चुडावा म्हणजे परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातलं गाव. परभणीहून नांदेडकडं निघालं की पूर्णा जंक्शनला निम्मी गाडी रिकामी होते, आणि मग चुडावा, लिंबगाव असं करत उरलेली नांदेडला पोचते. लग्नाला जायचं तर नावातच चुडा असलेल्या गावाइतकं शुभ ठिकाण दुसरं नाही. आमच्या जिल्ह्याबद्दल 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' अशी एक म्हण चारचौघांत फिरत असते. कुठंच काही बनलं नाही म्हणजे माणूस शेवटी परभणीला येतो, असा तिचा अर्थ. तिथं राहून मला भाचीच्या नावातला 'ज्ञ' बनवायचा होता.

हो, नावं मी इथं सांगत नाही. व्याह्यांकडं वाचणारी माणसं आहेत. एवढंच सांगतो की भाचीच्या नावात ज्ञ आहे आणि जावयाच्या नावात ल. आणि दोघांच्या वर, मोठ्या अक्षरांत, 'शुभविवाह'.

स्टेशनवर उतरलो तेव्हा पहिल्यांदाच पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरं नीट पाहिली. चु, डा, वा. जाड, सरळ, ठणठणीत. ना गुलाब, ना पान. ऊन, पाऊस, शेजारून धडधडत जाणाऱ्या गाड्या, सगळं सोसून चुचा उकार जागच्या जागी होता. त्या पाटीपुढं मी मनातल्या मनात हात जोडले.

दाजींच्या शेतात दीड एकर झेंडू उभा होता. ठिबकवरचा, नारिंगी, डोळे दिपतील असा. मला हायसं वाटलं. म्हटलं, "दाजी, मग प्रश्नच मिटला. हाच झेंडू लावू की अक्षरांना."

दाजी माझ्याकडं असे बघू लागले, जसं मी त्यांच्या बैलजोडीवर बसून फिरायला जायची गोष्ट काढली होती.

"तो इकायला हाय," ते म्हणाले.

यात कंजूषपणा नव्हता, हिशेब होता. लग्न अक्षय्य तृतीयेचं, म्हणजे ३० एप्रिलचं. पारा चाळिशीच्या वर. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा, म्हणजे आमच्याकडं साधारण तीनचा. सकाळी सातला लावलेला खरा झेंडू तीनपर्यंत मान टाकतो, गुलाब तर त्याच्या आधीच वरमाईसारखा रुसून बसतो. पुण्यातल्या हॉलमध्ये वातानुकूलित गारव्यात फुलं टिकतात. आमच्या मांडवात पाहुणे टिकत नाहीत, फुलांचं काय घेऊन बसलात. तेव्हा खरा झेंडू बाजारात आणि खोटा मांडवात, अशी वाटणी झाली. त्याच संध्याकाळी दाजींनी पन्नास किलो झेंडू नांदेडला पाठवला आणि त्याच गाडीच्या परतीच्या फेरीत आम्ही प्लॅस्टिकचा झेंडू आणला.

नांदेडच्या वजिराबादेत दुकानात शिरलो की एकदम वसंत ऋतू येतो, फक्त वास येत नाही. वास येतो तो नव्या रेनकोटाचा. भिंतीभर फुलं. निळा गुलाब, जांभळा झेंडू, मोरपंखी शेवंती. वनस्पतिशास्त्राला अजून पत्ता नसलेल्या कितीतरी जाती. मी एक फूल उचलून विचारलं, "हे कोणतं?" दुकानदार म्हणाला, "मिक्स." गुलाबाच्या प्रत्येक पाकळीवर डिंकाचा एक पारदर्शक थेंब होता. ते दव. मराठवाड्यात कायमची ओल असलेली तेवढीच एक जागा मी पाहिली आहे.

भाच्यानं माळ ताणून बघत विचारलं, "किती दिवस टिकंल?"

"तुमी जासाल, मी जाईन," दुकानदार वही चाळत म्हणाला, "माळ राहती."

मी फोमचे रुपयाएवढे गुलाब घेतले, जाईच्या पांढऱ्या माळा घेतल्या, फटी बुजवायला बारीक जिप्सीच्या काड्या घेतल्या, ग्लू गन आणि तिच्यात घालायच्या मेणासारख्या कांड्या घेतल्या. घरी आल्यावर अक्कानं पिशवी हातात तोलून पाहिली. "एवढ्या पैशात एवढंसंच वजन?" ती म्हणाली. अक्का फुलंसुद्धा किलोवर मोजते; शेतकऱ्याच्या घरात दिलेली बाई.

आता अक्षरं कशाची कापायची? पूर्वी हा प्रश्नच नव्हता. थर्माकोल होता. तापलेल्या तारेनं तो लोण्यासारखा कापायचा, वर डिंक फासून चमकी टाकायची, झालं शुभविवाह. लग्नानंतर सहा महिने घरात, भातात, लेकरांच्या केसांत ती चमकी सापडायची. मग मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि तिच्यात सजावटीचा थर्माकोलही गेला. तेव्हापासून अक्षरं सनबोर्डावर किंवा पुठ्ठ्यावर आली. सनबोर्डाला पैसे पडतात. पुठ्ठा अक्काकडं होता. नव्या कूलरचं खोकं तिनं तीन वर्षं माळ्यावर जपून ठेवलं होतं, कारण खोकं कधीतरी कामाला येतं. आलं. या खोक्यानं पुढं जे केलं ते सांगतोच. तूर्त एवढंच लक्षात ठेवा की त्याच्या चारही बाजूंना एक काचेचा प्याला, एक छत्री आणि 'ही बाजू वर' सांगणारा एक भला मोठा बाण छापलेला होता.

भाच्याचं म्हणणं आधीपासून एकच. इंग्रजीतली दोन अक्षरं, मधे बदाम, विषय संपला. त्याच्या मोबाइलात तसे शंभर फोटो होते. आणि खरं सांगतो, त्याचं चूक नव्हतं. इंग्रजी अक्षर हे मुळात सुताराचं काम आहे. आय म्हणजे एक खांब. एल म्हणजे खांबाला पाय. टी म्हणजे खांबाला छप्पर. फुलं लावत खाली जायचं, वळायचं, उठायचं. आमच्या गावात पाच वर्षांत जेवढी लग्नं झाली तेवढ्या सगळ्यांच्या मागं इंग्रजी आद्याक्षरंच होती. मी ते इंग्रजीचं वेड समजत होतो. तो निव्वळ आळस आहे, हे मला 'ज्ञ' कापताना कळलं.

पण अक्का हटून बसली. "मराठीतच पाहिजे. आत्याबाईला इंग्रजी वाचता येत नाही."

"आत्याबाईंना मराठी तरी कुठं वाचता येतं?" भाचा म्हणाला.

"नसंल येत. पर ते आपल्या भाषेतलं हाय."

यावर कोणाकडंच उत्तर नव्हतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा जे युक्तिवाद झाले असतील त्यांत इतका बिनतोड एकही नसणार.

देवनागरी ही फुलांची लिपी नाही. म्हणजे शासनाला ती तशी वाटत असावी. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठीतला श 'देठयुक्त' आणि ल 'पाकळीयुक्त' असावा, असं सांगितलेलं आहे. मंत्रालयातून निघालेल्या कागदात देठ आणि पाकळी हे शब्द आलेले मी दुसरीकडं कुठं वाचलेले नाहीत. तो निर्णय वाचताना एखादा उपसचिव बागेत बसून लिहितोय असंच वाटतं. पण प्रत्यक्ष करायला बसा. जावयाच्या नावातल्या एका पाकळीयुक्त लला मला साठ गुलाब लागले, आणि तरी तो ल कमी आणि उताणं पडलेलं फुलपाखरू जास्त दिसत होता. १८६९ साली मुंबईत जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हा राणू रावजी आरूंनी त्यांच्यासाठी देवनागरीचे खिळे कोरले. काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं, सगळं उलटं, पोलादात, राईएवढ्या जागेत. इतकी वर्षं मी हे नुसतं वाचत आलो होतो. त्या रात्री बोटाला फोड आल्यावर मला त्या माणसाबद्दल खरा आदर वाटला.

फोडाचं कारण ग्लू गन. ही नळी पाच मिनिटं तापू द्यायची, मग चाप ओढायचा, टोकाशी वितळलेला थेंब येतो. तो पुठ्ठ्यावर टाकून तीन मोजायच्या आत फूल दाबायचं. चार मोजलेत तर थेंब थिजतो, दोनच मोजलेत तर बोट चिकटतं. आणि प्रत्येक थेंबामागं कोळ्याच्या जाळ्यासारखा एक बारीक तंतू निघतो. जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखा. शंभर फुलांनंतर अक्षर, बोटं, चष्मा, चहाचा कप असं सगळं एकमेकांना तंतूंनी बांधलेलं असतं. थोरल्या भाच्याची आठ महिन्यांची लेक रांगत यायची आणि हळदीच्या गडबडीत कोणाचं लक्ष नाही असं पाहून एक गुलाब तोंडात घालायची. फोम तिला आवडला असावा. दर तासाला तिच्या तोंडातून आम्ही शुभविवाहाचा एखादा भाग काढत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. ग्लू गन थंड. दाजी म्हणाले, मैद्याची खळ करा, आमच्या टायमाला पतंग, पताका, सगळं खळीवर. खळ केली. हच्या पोटातली फुलं खळीनं लावली. रात्री लाईट आली तेव्हा हला मुंग्या लागल्या होत्या. लांबून तर अक्षर किंचित हलतंय, श्वास घेतंय असं वाटायचं.

पण खरी गोची झाली ती भची.

माझी कल्पना अशी होती की प्रत्येक अक्षराला वेगळी शिरोरेखा करत बसायचं नाही. दहा फुटांचा एक प्लॅस्टिकचा पाइप घ्यायचा, जाईच्या माळेनं गुंडाळायचा, तो आडवा बांधायचा आणि त्याला एकेक अक्षर लटकवायचं. यात मी नवीन काही करत नव्हतो. मोडी लिहिणारे आधी कागदभर रेघा मारून घ्यायचे आणि मग त्यांना अक्षरं टांगायचे. शिवाय गाठ सुटून पाइप पडला तरी काळजी नव्हती. शिरोरेखा गेली की मराठी बरीचशी गुजराती दिसते, आणि लग्न गुजरातीतही शुभच होतं. पण भच्या डोक्यावर सलग रेघ नसते. डावीकडं गाठ असते, रेघ उजव्या अंगाला थोडीशी. सलग रेघ आली की त्याचा म होतो. मी अंगणात पाइपाला अक्षरं लावून लांब जाऊन पाहिलं तर स्वच्छ वाचता येत होतं: 'शुमविवाह'.

तासभर विचार केला. भचं डोकं खाली घ्यावं तर तो अक्षरांत बुटका दिसतो. पाइप कापावा तर सगळंच खाली येतं. शेवटी भच्या वरची पाइपावरची माळ उलगडली आणि तेवढा उघडा पाइप मागच्या पडद्याच्या रंगाच्या कापडानं गुंडाळला. लांबून तिथं रेघ दिसेनाशी झाली. एखाद्या गवंड्यानं ताजमहाल बांधून मागं सरकावं तसा मी मागं सरकलो आणि तुळशीवृंदावनावर आपटलो. अक्का म्हणाली, "इतकं काय बघायचं त्यात? म काय आन् भ काय, शुभच म्हणतेत की लोक."

त्या रात्री बाशिंगाचा डबा उघडला आणि मी हातातलं काम सोडून बघत बसलो. कागदाची फुलं, जिलेटिन, चमचमणारा बेगड, लोंबणाऱ्या मण्यांच्या सरी. खरं फूल औषधालासुद्धा नाही. पूर्वी तर बाशिंगं भेंडाची असत. भेंड म्हणजे पाणथळ जागी उगवणाऱ्या एका झुडपाच्या खोडातला पांढरा, हलका गाभा. तो पातळ सोलून त्याची फुलं करत. साहेबाची सोला हॅट याच गाभ्याची, आणि बंगालात याला शोला म्हणतात, तिथल्या नवरदेवाचा टोपोर म्हणजे मुकुट त्याचाच. म्हणजे खोट्या फुलांना नावं ठेवणारे आपण सगळे पिढ्यान्पिढ्या ऐन मुहूर्ताला कपाळावर खोटी फुलंच बांधून उभे राहत आलो. वर त्याच बेगडावरून 'बेगडी' असा शब्दही काढला, तो दुसऱ्याला म्हणायला. आणि ज्याला लग्नाची फारच घाई त्यानं म्हणे गुडघ्याला बाशिंग बांधलेलं असतं. ग्लू गन हातात घेतल्यापासून मला त्या माणसाबद्दल शंका आहे. त्याला घाई नसावी. बाशिंगाचा गोंद चुकून गुडघ्याला लागला असावा.

अक्षर या शब्दाचा अर्थच 'जे झिजत नाही ते' असा सांगतात. अ-क्षर. त्यातून ते प्लॅस्टिकचं, त्यातून अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त. इतकी टिकाऊ तयारी करून माणसं संसाराला लागतात, हे एक बरं.

लग्नाच्या आदल्या रात्री सगळे तुकडे तयार झाले. श, भ, व, व, ह. एक उकार, एक वेलांटी, एक काना. आणि खाली दोन्ही नावं. पूर्वी नवऱ्याचं नाव घ्यायला बायका लाजत, उखाण्यात कुठंतरी लपवून घेत. आता ते फूटभर उंच, गुलाबी फोममध्ये, आणि गावभर दिसेल असं. मांडववाल्या पोरांना मी नीट समजावून सांगितलं. कोणतं अक्षर कुठं ते कागदावर क्रमानं काढून दिलं. पोरांनी मान हलवली. त्यातला एक जण म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ, रोजचं काम हाय आमचं." मराठीतल्या सगळ्यांत धोकादायक वाक्यांत मी या वाक्याचा नंबर वरचा लावतो.

सकाळी मी मामा होतो. मामाला कामं फार. वऱ्हाड आलं, नवरदेव मारुतीच्या दर्शनाला गेला, तिथून बँडपुढं दोन तास नाचत मांडवापर्यंतचं दोनशे पावलांचं अंतर कापत राहिला. मला स्टेजकडं बघायला सवड मिळाली ती थेट भाचीला घेऊन बोहल्यावर गेल्यावर. अंतरपाट धरला. मी भाचीच्या मागं, तीन बोटांना पट्ट्या बांधलेला. मंगलाष्टकं सुरू झाली. मी मान वर केली.

श बरोबर होता. उकार बरोबर. भ तर अगदी भच दिसत होता, तिथं मला भरून आलं. आणि पुढं दोन्ही व उलटे. खाली डोकं वर पाय. दोन ठसठशीत इंग्रजी पी, फुलाफुलांचे, शेजारी शेजारी.

काय झालं होतं ते क्षणात लक्षात आलं. पोरांनी अक्षरं पाहिलीच नव्हती. त्यांनी पाठीमागचा बाण पाहिला होता. मी खोक्यात जागा मिळेल तसा पुठ्ठा कापलेला, आणि दोन्ही व एकाच बाजूतून, बाण खाली करून निघालेले. कूलरच्या कंपनीनं 'ही बाजू वर' म्हटलं, पोरांनी ती बाजू वर केली. कागदावर मी दिलेला अक्षरांचा क्रम त्यांनी तंतोतंत पाळला होता. हचा बाण आडवा होता, म्हणून तिथं त्यांना स्वतःचं डोकं वापरावं लागलं आणि तो सुलटा लागला. काना तर बिचारा सज्जन, उलटा लावा, सुलटा लावा, कानाच. वेलांटी मात्र उजवीकडून आल्यामुळे दीर्घ झाली होती. विवाह मुळात ऱ्हस्वच असतो. तो दीर्घ धरून चालणारे आपण.

गुरुजी दर कडव्याला 'सावधान' म्हणत होते आणि दर वेळी मी दचकत होतो.

अक्षता पडल्या. पहिल्या रांगेतले एक वऱ्हाडी दुसऱ्याला विचारत होते, "पी पी म्हंजे काय वो?" दुसरा म्हणाला, "नवरदेव कंपनीत हाय की पुण्याला. कंपनीचं नाव असंल." हे उत्तर इतकं पटण्यासारखं होतं की पंगतीपर्यंत मांडवभर झालं. जावयाचा पगारही त्या भरात थोडा वाढला. गावातले एक निवृत्त मास्तर मात्र मला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. विवाहातला वि ऱ्हस्व." उलटे व त्यांना दिसलेच नाहीत, दिसली ती वेलांटी. मास्तर असावा तर असा. भाचा माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणाला, "मामा, शेवटी इंग्रजी आलंच का नाही?" आणि नवरी जाताना गळ्यात पडून रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "मामा, अक्षरं लई भारी दिसायलती." तिच्या नावातला ज्ञ नीट लागला होता. तिनं तेवढाच पाहिला असणार. लग्नात प्रत्येक जण आपापलं नाव तेवढं वाचतो.

सासरी ताटात तांदूळ पसरून जावयानं अंगठीनं तिचं नाव लिहिलं, त्याचा फोटो भाच्यानं मला पाठवला. ना ग्लू गन, ना कूलरचं खोकं. मिनिटभरात लिहिलेला ज्ञ, सुरेख. मी तो फोटो बराच वेळ मोठा करून पाहिला.

अक्षरं अर्थातच टाकली नाहीत. अक्काच्या घरात टाकणे हे क्रियापद फक्त भाजीत मीठ घालताना वापरतात. सगळी अक्षरं जुन्या साडीत बांधून माळ्यावर गेली. जुलैच्या पावसाळी अधिवेशनात प्लॅस्टिकच्या फुलांचा विषय निघाला आणि त्यांच्यावर बंदी आणू, असं फलोत्पादन मंत्र्यांनी सभागृहात सांगितलं. दाजींनी त्या दिवशी पेपर घरात मोठ्यानं वाचून दाखवला. या प्लॅस्टिकनं झेंडूवाला मेला, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. दसरा सरला की भावाअभावी रस्त्याच्या कडेला ओतलेला झेंडू त्यांनीही पाहिलाय आणि मीही. ते पोटतिडकीनं बोलत होते. त्यांच्या डोक्यावर, बरोबर माळ्याखाली बसल्यामुळे, शुभविवाह होता.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. ज्येष्ठेच्या आणि कनिष्ठेच्या मागं जी गुलाबी कमान केली होती तिच्यातला काही भाग मला ओळखीचा वाटला. नीट पाहिलं तर तो ह होता, मधोमध वाकवलेला. दर्शन घेताना मी दोन्ही देवींबरोबर त्यालाही नमस्कार केला. मुंग्या गेल्या होत्या.

त्यानंतर आठेक दिवसांनी फोन आला. थोरल्या भाच्याच्या लेकीचा, त्या गुलाब खाणाऱ्या पोरीचा, पहिला वाढदिवस. भिंतीवर 'हॅपी बर्थडे' लावायचंय, पोरं म्हणतात इंग्रजीतच पाहिजे, आणि फुलांचंच.

"दोन पी तयार हायेत," अक्का म्हणाली. "बाकीची अक्षरं ऱ्हायलीत. कवा येतूस?"